आधी कोणाचा हक्क?

जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. ते कोणा संस्थानिकाला वा आश्रयदात्याला अर्पण केलेले नव्हते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्ष बुद्धीने झीज सोसली, त्यांच्या सन्मानार्थ ते अर्पण केले होते. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बंधूंच्या मुक्ततेसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशा जोतीरावांनी तेथे व्यक्त केली होती. अमेरिकन समाजसुधारकांचे नाव काढले की मराठी वाचकाला आजही ही अर्पणपत्रिका आठवते.

तिच्यातील चित्र उदात्त आहे आणि ते खोटेही नाही. मात्र ज्या वर्षी ते छापले गेले, त्या वर्षी त्या चित्रातील माणसे एकत्र उरलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी, १८६९ च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क शहरातील एका सभेत त्यांची फाटाफूट झाली होती. 'गुलामगिरी' निघाली त्याच वर्षीच्या जून महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील कॅनंडेग्वा येथील न्यायालयात सुझन अँथनी यांच्यावर खटला चालला. या बाईंनी गुलामांच्या मुक्ततेसाठी आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली होती. त्यांचा गुन्हा इतकाच, की १८७२ च्या निवडणुकीत स्त्री असूनही त्यांनी मत दिले. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमयाची संधीही न देता त्यांना दोषी ठरवले आणि शंभर डॉलर दंड केला. तो दंड त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही.

ही फूट काही सज्जन आणि दुर्जन यांच्यात पडलेली नव्हती. दोन्हीकडे आयुष्य वेचलेली माणसे होती. अन्याय दोघांवर झाला आहे, पण दार एका वेळी एकासाठीच उघडणार आहे; अशा वेळी आधी कोणाचा हक्क, या एका प्रश्नावर ती दुभंगली. आपल्याकडे 'आधी राजकीय की आधी सामाजिक' हा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना या प्रश्नाची जात ओळखीची वाटेल. अमेरिकेत त्याला जे उत्तर दिले गेले आणि त्याची जी किंमत मोजावी लागली, तिचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

मुळात या साऱ्या चळवळी एकाच झाडाच्या फांद्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंडमध्ये आणि न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट उसळली. पाप हे माणसाच्या कपाळी कायमचे लिहिलेले नसून ते झटकून टाकणे त्याच्या हाती आहे, ही तिची शिकवण होती. एका माणसाचे पाप निघू शकते तर समाजाचे का नाही, हा पुढचा विचार ओघानेच आला. याच वातावरणात परदेशी धर्मप्रसारासाठी १८१० साली 'अमेरिकन बोर्ड' स्थापन झाले. त्याचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, आणि त्याच बोर्डाने पाठवलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहूनच पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा जोतीरावांचा विचार दृढ झाला. तेव्हा अर्पणपत्रिकेमागचा धागा केवळ वाचनाचा नव्हता, हे ध्यानात ठेवावयास हवे.

खुद्द अमेरिकेत या लाटेचा पहिला मोठा आविष्कार मद्यपाननिषेधाच्या चळवळीत झाला. इतिहासकारांच्या अंदाजानुसार १८३० च्या सुमारास तेथील प्रत्येक प्रौढ माणशी वर्षाकाठी सुमारे सव्वीस लिटर शुद्ध मद्यार्क रिचवला जात होता. १८२६ साली बॉस्टन येथे 'अमेरिकन टेंपरन्स सोसायटी' निघाली आणि दहा वर्षांच्या आत दहा लाखांहून अधिक लोकांनी दारू सोडण्याची शपथ घेतल्याचे तिने जाहीर केले. १८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात होरेस मान यांनी सार्वजनिक शाळांच्या सुधारणेचे काम हाती घेतले. १८५२ साली त्याच राज्याने मुलांना शाळेत धाडणे कायद्याने सक्तीचे केले. १८४१ साली डोरोथिया डिक्स या शिक्षिकेला केंब्रिजच्या तुरुंगात गुन्हेगारांच्या शेजारी, थंडीत शेकोटीवाचून डांबलेले मनोरुग्ण दिसले. दोन वर्षे राज्यभरातील तुरुंग आणि अनाथालये हिंडून त्यांनी विधिमंडळापुढे सविस्तर निवेदन ठेवले, आणि वेड्यांसाठी सरकारी रुग्णालये उभारण्याची मोहीम सुरू झाली. विषय निरनिराळे, पण कार्यपद्धती एकच: गावोगाव मंडळ, मंडळाचे वर्तमानपत्र, फिरता वक्ता आणि सह्यांचा अर्ज.

या पद्धतीची खरी कसोटी दास्यविमोचनाच्या चळवळीत लागली. १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टनहून विल्यम लॉइड गॅरिसन यांनी 'लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले. गुलामगिरी हळूहळू नव्हे, तर ताबडतोब आणि मालकांना मोबदला न देता नष्ट झाली पाहिजे, ही त्यांची भूमिका. १८३३ च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे 'अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी' स्थापन झाली. त्या सभेला स्त्रिया उपस्थित होत्या, ल्युक्रिशिया मॉट बोलल्याही. पण स्थापनेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या फक्त पुरुषांनी. काही दिवसांतच मॉट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी आपले स्वतंत्र मंडळ काढले. त्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र होत्या.

स्त्रियांना मत नव्हते, विवाहितेला कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी स्वतंत्र अस्तित्वही नव्हते. मात्र विधिमंडळाकडे विनंतीअर्ज करण्याचा हक्क त्यांना कोणी नाकारला नव्हता. तेव्हा त्यांनी तोच हाती धरला. दारोदार फिरून सह्या गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केले. या अर्जांचा असा पूर लोटला, की काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने १८३६ साली गुलामगिरीविषयीचे अर्ज विचारात न घेताच बाजूला ठेवण्याचा नियम केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्याच्याशी आठ वर्षे झुंजले, तेव्हा कोठे १८४४ मध्ये तो रद्द झाला.

इथेच एका चळवळीच्या पोटी दुसरीचा जन्म झाला. सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या दोघी बहिणी साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या, गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घराण्यातल्या. घर सोडून उत्तरेत आलेल्या या बहिणींनी १८३७ साली न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने दिली. त्यांना ऐकायला पुरुषही येऊ लागले, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या धर्मोपदेशकांनी पत्रक काढून स्त्रियांच्या अशा जाहीर वर्तनाचा निषेध केला. गुलामाच्या वतीने बोलायचे तर आधी बोलण्याचा हक्क मिळवावा लागेल, हे या बहिणींच्या ध्यानी आले. पुढल्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात चळवळीसाठी बांधलेल्या 'पेनसिल्व्हेनिया हॉल'मध्ये अँजेलिना बोलत असताना बाहेरून दगडांचा वर्षाव झाला. दुसऱ्या दिवशी रात्री जमावाने ती वास्तू जाळली. तिचे उद्घाटन होऊन पुरते चार दिवसही झाले नव्हते.

१८४० च्या जूनमध्ये लंडनला जागतिक दास्यविरोधी परिषद भरली. अमेरिकेहून रीतसर निवडून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना सभागृहात बसू द्यायचे की नाही, यावरच पहिला दिवस खर्ची पडला, आणि शेवटी त्यांना केवळ प्रेक्षक म्हणून बाजूला बसवण्यात आले. उशिरा पोहोचलेले गॅरिसन निषेध म्हणून त्यांच्याबरोबरच बसले. तेथे मॉट यांची नवविवाहित एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्याशी ओळख झाली. आठ वर्षांनी, १९ आणि २० जुलै १८४८ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स येथे या दोघींच्या पुढाकाराने स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. सुमारे तीनशे माणसे जमली. मालमत्ता, शिक्षण, व्यवसाय यांविषयीचे ठराव एकमताने संमत झाले. अडले ते फक्त मताधिकाराच्या ठरावावर. ही मागणी हास्यास्पद ठरेल, असे अनेकांना वाटत होते. त्या वेळी ठरावाच्या बाजूने उभे राहिले फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमधील दास्यातून १८३८ साली निसटलेले आणि आता शेजारच्या रॉचेस्टर शहरातून 'नॉर्थ स्टार' हे पत्र चालवणारे हे कृष्णवर्णीय संपादक नसते, तर तो ठराव कदाचित बारगळलाच असता. जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या. त्यांत ६८ स्त्रिया आणि ३२ पुरुष होते.

असे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळून वाहत होते. पण त्या मिश्रणातही काही आवाज ऐकताना बदलले जात. सोजर्नर ट्रूथ यांचे उदाहरण बोलके आहे. त्या न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मल्या आणि लहानपणी फक्त डच भाषा बोलत. १८५१ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथे त्यांनी केलेले भाषण जगप्रसिद्ध आहे. मात्र त्याचा सर्वांना ठाऊक असलेला पाठ फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ मध्ये छापला, आणि त्यात ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेकडील गुलामांची बोली घातली. १८५१ च्याच वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ती बोलीही नाही आणि ते गाजलेले पालुपदही नाही. हेतू चांगला असूनही, कृष्णवर्णीय स्त्रीने कसे बोलावे हे दुसऱ्या कोणी तरी ठरवले.

यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा स्त्रीहक्कांच्या पुढाऱ्यांनी आपली मागणी बाजूला ठेवली. १८६३ साली स्टँटन आणि अँथनी यांनी स्त्रियांचे राष्ट्रीय मंडळ उभारून गुलामगिरी घटनेनेच बंद करावी यासाठी सुमारे चार लाख सह्या जमवल्या. १८६४ च्या फेब्रुवारीत पहिल्या लाखाचा गठ्ठा दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी उचलून सिनेटमध्ये चार्ल्स समनर यांच्या मेजावर नेऊन ठेवला. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गुलामगिरी संपली. आता आपली पाळी येईल, असे या स्त्रियांना वाटले असल्यास नवल नाही.

झाले उलटेच. चौदाव्या घटनादुरुस्तीत मतदारांच्या संदर्भात 'पुरुष' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत प्रथमच आला. पूर्वी घटना स्त्रियांविषयी गप्प होती, आता तिने त्यांना शब्दाने वगळले. गॅरिसन यांचे सहकारी वेंडेल फिलिप्स यांनी आधीच सांगून टाकले होते, की एका वेळी एकच प्रश्न; ही घटका निग्रोची आहे. त्यांच्या म्हणण्याला आधार नव्हता असे नाही. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिसला आणि जुलैमध्ये न्यू ऑर्लीन्सला कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या. मत नसेल तर दक्षिणेतल्या मुक्त गुलामाचा जीवही सुरक्षित नव्हता.

याच मे महिन्यात न्यूयॉर्कला स्त्रीहक्क परिषद भरली आणि स्त्री-पुरुष, गोरा-काळा असा भेद न करता सर्वांसाठी हक्क मागणारे 'इक्वल राइट्स असोसिएशन' स्थापन झाले. त्या परिषदेत फ्रान्सिस हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्री बोलल्या. ओहायोत त्या शेतकऱ्याची बायको होत्या, लोणी करून बाजारात धाडत. नवरा कर्ज ठेवून वारला. तीन महिन्यांच्या आत दुधाची भांडी आणि कपडे धुण्याची पिंपेसुद्धा वसुलीत गेली, आणि हाती उरला एक आरसा. तिच्या जागी नवरा असता आणि बायको वारली असती, तर घरातील वस्तूला कोणी हात लावला नसता, हे त्यांनी सभेला सांगितले. आणि तितक्याच स्पष्टपणे हेही, की फिलाडेल्फियाच्या ट्राममधून त्यांना कातडीच्या रंगासाठी उतरवू पाहतात, तेव्हा मताधिकार मागणाऱ्या गोऱ्या भगिनींपैकी कोणी उठून बोलत नाही. एक स्त्री म्हणून आणि एक कृष्णवर्णीय म्हणून, दोन्ही अन्याय त्या एकाच देहाने सोसत होत्या. 'आधी कोणाचा हक्क' या प्रश्नात त्यांना उभे राहायला जागाच नव्हती.

१८६७ साली कॅन्सस राज्यात कृष्णवर्णीयांचा आणि स्त्रियांचा मताधिकार असे दोन प्रस्ताव एकाच वेळी मतदानास आले. रिपब्लिकन पक्षाने स्त्रियांकडे पाठ फिरवली. तेव्हा अँथनी आणि स्टँटन यांनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या धनिकाचे साह्य घेतले. स्त्रियांचा हा कैवारी कृष्णवर्णीयांची उघड टवाळी करीत असे. दोन्ही प्रस्ताव पडले. पुढे याच ट्रेनच्या पैशावर या दोघींचे 'रेव्होल्यूशन' हे पत्र निघाले. अडाणी निग्रो, आयरिश, जर्मन आणि चिनी पुरुषांनी सुशिक्षित स्त्रियांसाठी कायदे करावेत काय, असे स्टँटन लिहू लागल्या. ज्या लेखणीने चार लाख सह्या मिळवल्या होत्या, तिचीच ही भाषा होती.

मे १८६९ च्या सभेत, पंधराव्या घटनादुरुस्तीला पाठिंबा द्यायचा की नाही, यावर स्फोट झाला. ही दुरुस्ती वर्णावरून मत नाकारण्यास बंदी करत होती, लिंगावरून नाही. डग्लस म्हणाले, की स्त्रियांना मत हवेच. पण केवळ स्त्री आहे म्हणून जेव्हा तिला घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवले जाईल, तेव्हा तिची निकड आमच्या निकडीएवढी होईल. कृष्णवर्णीय स्त्रीबाबत हेच खरे नाही काय, असे कोणी तरी विचारले. खरे आहे, पण ते ती कृष्णवर्णीय आहे म्हणून, स्त्री आहे म्हणून नव्हे, हे त्यांचे उत्तर होते. हार्पर यांनी मन घट्ट करून डग्लस यांची बाजू घेतली: देशाला एकच प्रश्न पेलणार असेल, तर आपल्या पुरुषांच्या वाटेत आम्ही काडीही आडवी घालणार नाही. ल्युसी स्टोन यांनी दोन्ही दुःखे सारखीच खोल असल्याचे सांगून, त्या खाईतून कोणीही आधी बाहेर पडले तरी आपल्याला आनंदच होईल, असे म्हटले. परंतु सभा सावरली नाही. त्याच महिन्यात स्टँटन-अँथनी यांची आणि नोव्हेंबरात स्टोन यांची अशा दोन मताधिकार संघटना निघाल्या, आणि वीस वर्षे त्या वेगळ्या राहिल्या.

या वीस वर्षांत काय घडले? १८७० साली पंधरावी दुरुस्ती अमलात आली. मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे त्याच वर्षी सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पण १८७७ नंतर दक्षिणेवरचा केंद्राचा अंमल सुटला, आणि १८९० साली याच मिसिसिपीने मतदानासाठी कर आणि वाचन-आकलनाच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचे मत जवळजवळ पुसून टाकले. एक बारकावा येथे ध्यानात घेण्याजोगा आहे: मिळकतदार स्त्रियांना मत देऊन गोऱ्यांचे पारडे जड करावे, असाही प्रस्ताव त्या राज्याच्या घटनासभेपुढे आला होता. दोन हक्क एकमेकांविरुद्ध वापरता येतात, हे सुधारकांनीच दाखवून दिले होते. विरोधकांनी तो धडा गिरवला. त्याच १८९० साली दोन्ही मताधिकार संघटना पुन्हा एक झाल्या. पण दक्षिणेतील गोऱ्या स्त्रियांना दुखवू नये या धोरणापायी १९०३ च्या न्यू ऑर्लीन्स अधिवेशनापर्यंत प्रत्येक राज्यशाखेला आपापल्या अटी ठरवण्याची मोकळीक दिली गेली. स्त्रियांना मत देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती १९२० साली झाली, तरी दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना ते मत प्रत्यक्षात १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतरच देता आले. प्रश्न आधी कोणाचा, असा होता. हार्पर यांच्या लेकी-नातींच्या वाट्याला मात्र दोन्ही रांगांचा शेवट आला.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोहोचल्या, तेव्हा हा दुरावा चालूच होता. १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या अमेरिकेत हिंडल्या. फ्रान्सिस विलर्ड यांच्या अध्यक्षतेखालील ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेध संघाने त्यांना विशेष भारावून टाकले. स्वयंपाकघरापासून विधिमंडळापर्यंत स्वतःचे मंडळ स्वतः चालवणाऱ्या स्त्रिया त्यांनी तेथे पाहिल्या आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासवर्णनात त्यांचे मनापासून कौतुक केले. पण कृष्णवर्णीयांविषयीचा गोऱ्यांचा आकसही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. पाच-सहा वर्षांनी, १८९४ मध्ये, आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने इंग्लंडमध्ये याच विलर्ड यांना जाब विचारला: दक्षिणेत निरपराध माणसांना झाडांवर लटकवले जात असताना, दारूबंदीसाठी दक्षिणेच्या गोऱ्या स्त्रियांची मने राखायची म्हणून तुम्ही कृष्णवर्णीयांनाच दोष का दिलात? दास्यविमोचनवादी घराण्यात वाढलेल्या विलर्ड यांना याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

मागे वळून पाहताना कोणा एका बाजूला दोषी ठरवणे सोपे आहे. ते न्याय्य होणार नाही. डग्लस यांनी निकडीचा जो हिशेब मांडला, तो रक्ताने लिहिलेला होता. स्टँटन यांचा संतापही निराधार नव्हता. पंचवीस वर्षे दुसऱ्यांसाठी सह्या गोळा करणाऱ्या हाताला 'तुम्ही थांबा' असे सांगितले गेले होते. क्रम लागणे कधी कधी टळत नाही. मात्र मागे राहिलेल्याने पुढे गेलेल्याला हिणवले की त्याचा स्वतःचा हक्कही लहान होतो, आणि पुढे गेलेल्याने मागे वळून हात दिला नाही तर त्याचा हक्क फार काळ टिकत नाही. डग्लस यांनी तो हात आखडला नाही. पंधरावी दुरुस्ती होताच १८७० साली त्यांनी स्त्रियांच्या मतासाठी पुढील दुरुस्ती मागितली. १८९५ साली अटलांटा येथील अधिवेशनास, दक्षिणेच्या स्त्रिया बिथरतील म्हणून, त्यांनी येऊ नये असे अँथनी यांनीच सुचवले, असे वेल्स यांनी नमूद केले आहे. त्याच वर्षी २० फेब्रुवारीचा दिवस डग्लस यांनी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेत घालवला. संध्याकाळी घरी परतल्यावर तेथील हकीगत पत्नीला सांगत असतानाच त्यांचे निधन झाले.

आणि ज्यांनी ती अर्पणपत्रिका लिहिली, त्यांनी स्वतः हा प्रश्न कसा सोडवला? जोतीरावांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या आणि महार-मांगांच्या मुलांसाठीही काढल्या. ब्राह्मण विधवांसाठी १८६३ साली स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. रमाबाईंवर आणि ताराबाई शिंद्यांवर टीकेची झोड उठली, तेव्हा १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांनी दोघींची बाजू घेतली. शूद्रातिशूद्र आणि स्त्रिया यांच्या त्यांनी दोन रांगा केल्या नाहीत. ज्यांच्यापासून त्यांनी कित्ता घेतला होता, त्यांना न्यूयॉर्कच्या त्या सभेत जे साधले नाही, ते त्यांनी पुण्यात, मूठभर साथीदारांसह, पुष्कळ अंशी साधले होते.